हीर आणि काळीज

"सर मागं! माजी घागर आदी लागलीय!"

"तुजी घागर लागली आसंल, पर मी कोंबडं आरडायच्या आदी उटून आलेय!"

नागुबाई आणि तारामतीचं रोजचं भांडण हिरीवर सुरू झालं, आणि इकडं मळ्यातल्या घराच्या ओसरीत मडिवाळप्पाची छाती धडधडायला लागली. भांडण बायकांचं, पण त्याला वाटायचं, रहाट आपल्या बरगड्यांवरच फिरायलाय.

लातूर नवा जिल्हा झाला होता. जिल्हा आला, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. करजवाडीच्या साऱ्या हिरी आटल्या. एकट्या मडिवाळप्पाच्या हिरीला पाणी होतं. मग औशाच्या तालुका कचेरीतून एक साहेब आला, हिरीत वाकून बघितलं आणि म्हणाला, गावाच्या पिण्यासाठी ही हीर सरकारनं ताब्यात घेतली. त्याला अधिग्रहण म्हणतात म्हणे. मडिवाळप्पानं मान डोलावली. तहानलेल्याला पाणी नाही म्हणायची त्याच्या घराची रीत नव्हती. पण साहेब हीर तेवढी घेऊन गेला, हिरीची फिकीर मात्र ह्याच्या दारात बांधून गेला.

जो येई तो विचारी, "आप्पा, पुरंल न्हवं पानी?" जसं काही ह्यानंच ते पोटात साठवून ठेवलंय.

सरपंच नरसिंगराव तर टँकर मागायचंच विसरला. पारावर मांडी घालून म्हणायचा, "मडिवाळप्पा हाय की फिकर कराया. मग आपुन कामून जीव जाळायचा?"

मडिवाळप्पानं मात्र जीव जाळायचं काम मन लावून केलं. भाकरी गळ्याखाली उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. तंबाखूची चंची दिवसात रिकामी व्हायला लागली. अन् एक दिवस बैलाला कडबा टाकता टाकता तो मटकन खाली बसला. अंगाला दरदरून घाम, हाताला मुंग्या, अन् छातीत कुणीतरी बत्ता घेऊन कुटायलंय.

"शिवा शिवा! आवं, काय हुतंय वो?" बायको गौरम्मा किंचाळली. शेजारच्या महेबूबनं आपली जीप काढली आणि दोघांना घेऊन थेट लातूरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईनं छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी काढली, दंडाला पट्टा आवळला.

"आज हृदयाला धोका नाही," बाई म्हणाल्या. "पण रक्तदाब चढलाय. कसली काळजी करता?"

"पान्याची."

"घरच्या?"

"गावाच्या."

बाईंनी दंडाचा पट्टा सोडला. "आप्पा, काळजी चढली की काळीज पळत सुटतं. रक्ताचा दाब वाढतो, झोप उडते. बैल रात्रंदिवस जुंपून ठेवला तर काय होईल?"

"बसंल की मग. उटायचा न्हाई."

"तसंच हे. गोळी रोज घ्या, तंबाखू सोडा. आणि जू जरा उतरवा."

गोळी घेता आली, तंबाखूही हळूहळू सुटत होती. पण जू उतरवणार कसं? मडिवाळप्पाचं काळीज बिघडलं ही खबर गावभर झाली आणि सारं गाव त्याला बिनघोर करायला आलं.

"माजा साडू आसाच गेला," धोंडप्पा म्हणाला. "बसल्या बसल्या. च्याची कपबशी हातातच व्हती. पर तुमी काई मनावर घिऊ नगा."

नागुबाईनं डोळ्याला पदर लावला. "तोंड लई उतरलंय वो आप्पा. काई सांगायचं ऱ्हायलं आसंल तर गौरम्माला सांगून ठिवा."

आणि उठताना प्रत्येकाचं शेवटचं एकच, "पानी पुरंल न्हवं?"

गौरम्माचा तोल सुटला. "चिता मेल्याला जाळती, फिकर जित्याला. ह्यास्नी जितं जाळाया सारं गाव लाकडं घिऊन आलंय!"

ते मडिवाळप्पाच्या डोक्यात बसलं. संध्याकाळी तो पारावर गेला. 

"आयका. सरकारनं माजी हीर ताब्यात घेतलीय, माजं काळीज न्हाई. पानी न्या, मी काई म्हनत न्हाई. पर आजपासून फिकरबी वाटून न्या. एक दिस एक आळी. दिसभर हिरीवर बसायचं, भांडनं सोडवायची, पानी किती ऱ्हायलं ते बगायचं. पैली पाळी सरपंचाची."

"आवं आप्पा, मला जिल्ह्याची कामं ऱ्हात्यात," नरसिंगराव चाचरला.

"मंग जिल्हा हिरीवर आना!" महेबूब मागनं ओरडला. पारावर हशा उठला आणि नरसिंगराव अडकला.

दुसऱ्या दिवशी तो हिरीच्या कडेला बसला. पोहरा निम्मा गाळ घेऊन वर येताना त्यानं पहिल्यांदाच बघितला. नागुबाई आणि तारामती त्यालाच मधे घेऊन भांडल्या. वर दोघी मिळून विचारू लागल्या, "सरपंच, पुरंल न्हवं?" दुपारपर्यंत त्याचाच हात छातीकडं गेला.

त्यानंतर तो जो उठला तो थेट लातूरच्या कचेरीत गेला, टँकर मागायला. एका साहेबानं सांगितलं, तुमचं गाव कागदावर अजून जुन्या जिल्ह्यातच आहे. "कागदावर आसंल! तान तर हितं लागलीय!" असं म्हणून नरसिंगराव तिथंच फरशीवर बसला, उठेचना. शेवटी टँकर निघाला. गावात टँकर आला तेव्हा नरसिंगरावच्या गळ्यात हार पडला. हार घालून घेऊन तो त्याच टँकरात बसून लातूरला गेला, छातीला तारा लावून घ्यायला.

हीर पुढं पंधरवडाभरही टिकली नाही. पोहऱ्यात नुसता चिखल आला. मडिवाळप्पा कडेला जाऊन वाकला. बापानं खणलेली हीर, तळाचा खडक उघडा पडलेला. त्याच्या छातीत कळ उठल्यासारखं झालं. तो बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग धडधड आपोआप ओसरली. ज्याला भ्यायचं ते होऊन गेलं होतं, आणि तो उभाच होता.

घरी येऊन त्यानं चटणीशी अख्खी भाकर खाल्ली आणि ओसरीत आडवा झाला. झोप अशी लागली की माशा तोंडावर बसल्या तरी हात हलेना. गौरम्मानं एकदा वाकून बघितलं, दोनदा बघितलं. मग तिचाच जीव खालवर झाला.

"आवं! आवं, उटा की!" तिनं त्याला गदागदा हलवलं.

मडिवाळप्पा धडपडून उठला. "काय झालं? टँकर आला का?"

"काई न्हाई. जिते हाव का ते बगितलं."

"हाय की!" तो करवादला. "आन तू आसं उटवलं न्हाई तर ऱ्हाईनबी." आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.