अकरा नंबरचा बैल

दहा वर्षं मी चाकणच्या आसपास जनावरांची डॉक्टर होते. पुढे मूळपेशींवर पीएचडी केली आणि प्रयोगशाळेत बसून बैलांचे फाटलेले स्नायू जोडायच्या मागे लागले. वाकडला फ्लॅट झाला, हाताचा शेणाचा वास गेला. स्वतःला फार शहाणी समजत होते मी.

चाकणकडचे माझे जुने शेतकरी रंगराव मला तिथेही शोधत आले. जमीन कारखान्यात गेल्यावर ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले होते, पण घरामागे पत्र्याखाली हौश्या होता. हा बैल माझ्याच हातांनी जन्माला आलेला. शर्यतीत त्याच्या पुढच्या पायाचा स्नायू फाटला होता.

आमची चाचणी सुरूच होती. निम्म्या बैलांना मूळपेशींचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय दिलं, ते निकालापर्यंत मलाही कळणार नव्हतं. दुसरा कुठलाही उपाय करायचा नाही, ही अट. हे सगळं मी रंगरावांना नीट सांगितलं.

"सलाईन म्हंजी तर लई भारी," ते खूश होऊन म्हणाले. "मला टायफॉइडातनं सलाईननंच उठवलं. दोन्हीतलं कायबी द्या, डॉक्टरीणबाई."

त्यांना कळलं नाही, हे मला कळलं होतं. पण मला एक बैल कमी पडत होता. मी सही घेतली आणि हौश्या अकरा नंबरचा झाला.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "आज जरा पाय टेकला बगा." मग तेही थांबलं. सगळा भार घेऊन दुसरा पाय गेला, हौश्या बसला तो उठलाच नाही. पाचव्या महिन्यात मेला.

निकाल उघडला. मूळपेशी मिळालेले बैल चालत होते. ऑफिसात पेढे वाटले गेले. अकरा नंबरपुढे सलाईन लिहिलं होतं. मी गाडी काढली आणि रंगरावांकडे गेले. फोनवर सांगायची लाज वाटली.

रंगराव रिकाम्या गोठ्यात बसले होते. मी सांगितलं.

"सलाईननं बी गुण न्हाई आला म्हंजी," ते म्हणाले.

"रंगराव, सलाईन म्हणजे औषध नाही. मीठपाणी असतं ते."

त्यांनी खुंट्याचं दावं सोडून हातात घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मीठपाणी तर घरात बी हुतं, बाई," ते म्हणाले. "त्यानं रोज शेकणार हुतो मी त्याला. तुमी नको म्हनला."