शेजारणीचं नाक

धाकट्याला सरळ रेघ कधी मारता आली नाही, म्हणून तो चित्रकार झाला, असं ताईचं ठाम मत होतं. हल्ली तो जुने फोटो फाडायचा आणि तुकडे चिकटवून माणसांचे चेहरे करायचा. लोक त्याला कलावंत म्हणत. ताई म्हणायची, "उंदीरही हेच करतात. फक्त प्रदर्शन भरवत नाहीत."

आई गेल्यावर तो घरचे अल्बम मागायला आला. "कॉपी काढ आणि जसेच्या तसे परत दे," ताईनं बजावलं. त्यानं मान डोलावली. मान डोलवायला त्याचं काय जात होतं!

अल्बम काही परत येईनात, तेव्हा ताई थेट प्रदर्शनात जाऊन धडकली. भिंतीवर दाराएवढं चित्र, खाली नाव 'आई'. समोर एक बाई रुमालानं डोळे टिपत होती आणि धाकटा तिला सांगत होता, "मूळ फोटोच फाडले. कॉपीत जीव नसतो."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मा लावून ती चित्राला भिडली, आणि तिला हसूच फुटलं.

"हे नाक कुणाचं रे?"

"आईचं. तरुणपणचं."

"शेजारणीचं आहे ते! नळावरून भांडण झालं आणि आईनं मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही. त्याआधीचा फोटो हा. दोघी शेजारी उभ्या होत्या, आई डावीकडे. ती कुठाय?"

धाकटा चाचरला. "मागच्या... काळोखात वापरली असेल."

ताईनं शोधलं. खालच्या कोपऱ्यात आईचा एक डोळा आणि अर्धा गाल, तोही उलटा चिकटवलेला. तिनं नखानं तो उचकटला.

"ताई, कलाकृती आहे ती!"

"तुझी असेल. मी माझी आई घेऊन चाललेय."

दोन दिवसांनी त्याचा फोन. "ताई, ती खरवडलेली जागा लोकांना फार भिडतेय." ताईनं फोन ठेवला. असल्या माणसाशी बोलून तोंड कशाला विटाळायचं?

मग एका दुपारी तो बुटांचा खोका घेऊन दारात उभा राहिला. खोक्यात फाटके तुकडे.

"यातली आई कोणती, मला कळत नाहीये," तो खाली बघत म्हणाला.

ज्या बाईनं घास भरवून वाढवलं, तिची हनुवटी ओळखता येईना! ताईला कीव आली नाही. पण ती दारातून बाजूला झाली.

"बस. आणि कशाला हात लावू नकोस."

अंधार पडेपर्यंत ती तुकडे जुळवत राहिली. एक कान काही सापडला नाही.