भोकरदनच्या आधी हैदराबाद

हैदराबादला राहणाऱ्या साक्षीनं आईसाठी विमानाचं तिकीट काढलं आणि फोनवर सांगितलं, "संभाजीनगर ते हैदराबाद सव्वाचारशे किलोमीटर, मम्मी. सव्वा तास फक्त."

बेबीनंदा हसायलाच लागली. एकोणीस वर्षांपासून ती जालना-भोकरदन एसटीवर कंडक्टर होती. "माझ्या गाडीला भोकरदन गाठायला पावणेदोन तास लागतात. म्हंजे भोकरदनच्या आधी हैदराबाद!"

तिचा नवरा रामकिसन एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात कामाला. त्याला पटेना. "साठ किलोमीटरला पावणेदोन तास अन् सव्वाचारशेला सव्वा? उगं काईबी."

"मंग बसा माझ्या गाडीत, अन् बघा."

विमान दोनचं आणि तिची गाडीही दोनचीच. त्या दिवशी रामकिसनला सुट्टी होती. तो खरोखरच जाऊन खिडकीपाशी बसला. दोनला पाच कमी असताना तिचा मेसेज आला, 'दार लावलं. फोन बंद करते.' त्यानं तो ड्रायव्हर भागवतला दाखवून पैज सांगितली. भागवतनं गाडी चालू केली आणि मागं वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आपल्या बाईचं इमान निघालं. जल्दी बसा!"

झालं, अख्खी गाडी शर्यतीला लागली. राजूरला उतरायचं म्हणून गोजरबाई दोन थांबे आधीच पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली. "माझ्यापायी उशीर नको," म्हणाली.

पण रामकिसनचं लक्ष घड्याळावरून केव्हाच उडालं होतं. जो चढे तो बदली कंडक्टरला आधी विचारी, "बाई कुठंय आज?" एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "मागं मी गाडीत चक्कर येऊन पडल्तो. तिनं मला दवाखान्यात न्हेलं, मंग गाडी हालली." एकीनं तर बाईसाठी मेथीची जुडी आणली होती. बाईचा नवरा हाच, हे कळल्यावर ती तिनं रामकिसनच्या मांडीवर ठेवली. एकोणीस वर्षांत तो या गाडीत एकदाही बसला नव्हता. त्याची पाळी वेगळी, तिची वेगळी. घरी ती यातलं काही बोलत नसे. त्यानं जुडी दोन्ही हातांनी धरली.

भोकरदन दहा-बारा किलोमीटरवर असताना बेबीनंदाचा फोन आला. रामकिसननं तो स्पीकरवर टाकला. "टेकलं हो इमान!"

गाडीत टाळ्या पडल्या. भागवतनं उगाच हॉर्न वाजवला.

गाडी भोकरदनला लागल्यावर रामकिसननं फोन केला. "पोचली का साक्षीकडं?"

"कशाची! बॅगची वाट बघून राह्यले. इथून तिचं घर अजून दीड तास आहे म्हणं."

"मंग हरली तू! मी भोकरदनला चहा पिऊन राह्यलो."

ती खळखळून हसली. रामकिसनचा आवाज मात्र जरा उतरला. "सगळ्यांनी विचारलं तुला. मला काय माहीत, तुला एवढं मानतेत लोकं."

ती म्हणाली, "तिकीट काढल्तं ना पण?"

"काढल्तं की, बाई. पूर्ण."