पिल्लं घेतलेल्या माद्या

सुनावणी अकराला होती आणि मामा साडेनऊलाच गाडी घेऊन दारात हजर. माझ्या पिशवीत काय आहे ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो न्यायला आला होता.

"वही घरी ठेव," तो म्हणाला. "तोंडी काय ते सांग. वही कुणी मागितलेली नाही."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून गाडीत बसले.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ आणि माझा मार्गदर्शकही. मानववंशशास्त्र खात्याचा प्रमुख. माणूस समजून घ्यायचा तर आधी माकडं बघ, असं म्हणून त्याने मला बाविसाव्या वर्षी जंगलात नेऊन सोडलं. सहा वर्षं मी एका कळपामागे हिंडले. दर दहा मिनिटांनी वहीत नोंद करायची: कोण कुठे आहे, काय खातंय, कोण कुणाच्या अंगावर धावलं. कळपातलं एकूण एक तोंड मला पाठ होतं. तुटक्या कानाची एक म्हातारी तर अशी निरखून बघायची की मलाच वाटायचं, आपला अभ्यास चाललाय.

पाचव्या वर्षी ओढ्यापलीकडचं अर्धं जंगल खाणीसाठी तोडलं, आणि त्याच महिन्यात अलीकडे माझी माकडं वाढली. खाण कंपनीने अहवालासाठी दिलेल्या फॉर्मात दोनच रकाने होते: संख्या, आणि वाढ की घट. मी "वाढ" लिहून सही ठोकली. त्या कामावर मला डॉक्टरेट मिळाली, आणि पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात शाश्वत विकास शिकवायची नोकरी. जंगल अर्धं तोडूनही प्राणी सुखात राहतात, हे उदाहरण मी चार वर्षं पोपटासारखं शिकवलं. आता कंपनीला उरलेलं अर्धंही हवं होतं, आणि तिच्या अर्जाला माझाच अहवाल जोडलेला होता.

त्या अर्जावर हरकत घ्यायला मला कंठ फुटला तो एका विद्यार्थिनीमुळे. गेल्या महिन्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने पडद्यावरच्या, तोडीनंतर वाढलेल्या कळपाच्या फोटोकडे बोट दाखवलं. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, मोठे झाले की नर कळप सोडतात, माद्या जन्मभर आईच्याच कळपात राहतात? मग पिल्लं घेतलेल्या या नव्या माद्या कुठून आल्या?"

हा प्रश्न मला त्या माद्या आल्या त्याच दिवशी, जंगलातच पडला होता. मी तो वहीत लिहिलाही होता. शेजारी मामाने लाल पेनाने शेरा मारला होता: "रकाना नाही. गाळ." खात्याला नवी इमारत बांधून द्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. मी मुकाट्याने गाळलं. कळप वाढला नव्हता. घरदार गेलेल्या आया पोरांना पोटाशी धरून आमच्याकडे आल्या होत्या, आणि मी त्यांना वाढ म्हटलं होतं.

सुनावणीची खोली अरुंद होती. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, करकरणारा पंखा. कंपनीचे वकील उभे राहिले. "याच बाईंच्या अहवालानुसार," ते गोड हसले, "पहिल्या तोडीनंतर माकडं वाढली. आम्ही वेगळं काय सांगणार?"

"अहवाल चुकीचा आहे," मी म्हटलं.

"अच्छा! आणि हा साक्षात्कार आज झाला? तेव्हाचा पुरावा आहे काही?"

सुनावणी घेणारे अधिकारी माझ्याकडे बघत होते. तेव्हा लक्षात आलं नाही, असं म्हटलं असतं तर मी सुटले असते, मामाही सुटला असता. दोन महिन्यांनी त्याची निवृत्ती होती, सत्काराच्या पत्रिका छापून आल्या होत्या. पण मग माझं म्हणणं नुसतं आजचं मत ठरलं असतं आणि सोमवारी करवती लागल्या असत्या. समोरच्या खुर्चीतून मामाने अगदी बारीक मान हलवली. नको.

मी वही काढून टेबलावर सरकवली.

अधिकाऱ्यांनी पान शोधून मोठ्याने वाचलं. "सतरा अनोळखी माद्या, अकरा पिल्लं. ओढ्याकडून आल्या. यांचं जंगल गेलं म्हणून का?" मग चष्मा वर केला. "हे लाल अक्षर कुणाचं?"

बाबा गेल्यावर माझी फी भरणारा, मला सायकल शिकवताना मागून धावणारा हा माणूस. त्याचं नाव माझ्या तोंडून निघेना.

मामाच उठला. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून, "सही तिची."

मला संताप आला. पण खोटं काय होतं त्यात?

"हो, सही माझी," मी म्हटलं. "मला तेव्हाही कळलं होतं. मला डॉक्टरेट हवी होती."

वकिलांचं हसू मावळलं. अधिकाऱ्यांनी फेरमोजणी होईपर्यंत तोड थांबवली आणि वहीची प्रत विद्यापीठाकडे पाठवायला सांगितली. म्हणजे चौकशी दोघांचीही होणार होती.

बाहेर आले तर मामा गाडीचं दार उघडून उभा. मला वाटलं होतं निघून गेला असेल. "बस," तो म्हणाला.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "अकरा नाहीत. पिल्लं बारा होती. एक अगदी तान्हं होतं, आईच्या पोटाखाली. तुला दिसलं नसेल."

"तुला कसं माहीत?"

"तुझी नोंद वाचली आणि दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन आलो. दिवसभर बसून मोजली. मग आलो आणि शेरा मारला."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तरी तो हलेना. मला त्याला झोडावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं.

"मामा, उद्या दहाला माझा तास आहे," मी म्हटलं. "हे तिथे येऊन सांग."

"पोरांसमोर?"

"पोरांसमोरच."