चौदा क्रमांकाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहाताएवढा, काळा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. पोटात दोन बारके सेल घातले आणि छातीवरचं लाल बटण दाबलं की समोरचा माणूस जे बोलेल ते मी जसंच्या तसं ठेवतो. पदरचं एक अक्षर घालत नाही. किती माणसांबद्दल असं म्हणता येईल, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तपासणीच्या बाकावरच्या एका बाईने माझ्यात "एक, दोन, तीन" म्हटलं, ते परत ऐकलं आणि मला खोक्यात टाकलं. तेवढंच माझं बालपण. तिथून मी एका विद्यापीठात आलो. विभागाचं नाव सार्वजनिक धोरण आणि जागतिक व्यवहार. ते दारावरच्या पाटीवर दोन ओळींतही मावत नव्हतं. इथली मुलं सकाळी जगाच्या उपासमारीवर बोलत आणि दुपारी कॅन्टीनच्या रांगेत भांडत. कधी प्रत्येकाला एकेक देश वाटून देत आणि खोटीखोटी परिषद भरे. मग काल वही मागायला लाजणारा मुलगा आज शेजारच्या देशाला दम देई. 'शाश्वत' हा शब्द तर मी इतक्यांदा ऐकला, की त्याचा अर्थ विचारायचीही आता लाज वाटते. तेव्हा मला न्यायला विद्यार्थ्यांचे नंबर लागत.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. गरज सरो, वैद्य मरो. कपाट सांभाळणाऱ्या बाई वर्षातून एकदा मोजणीला मला उचलून "आहे" म्हणायच्या आणि परत ठेवायच्या. मला राग यायचा, पण राग नोंदवायचं बटण माझ्यात नाही.

मग विभागात एक नवा नियम आला. मुलाखती मोबाइलवर घ्यायच्या नाहीत, कारण मोबाइलमधलं बोलणं आपोआप कुठल्या कुठे जाऊन साठतं. कुणी विश्वासाने सांगितलेलं बाहेर फुटू नये, म्हणून कपाटातला जुना रेकॉर्डरच न्यायचा. असं मी पुन्हा उजेडाचं तोंड पाहिलं.

मला नेणाऱ्या मुलीला वर्गात सगळे 'टिपण' म्हणत. दर आठवड्याला एका काल्पनिक मंत्र्यासाठी दोन पानी टिपण लिहावं लागे, आणि ते वेळेवर देणारी ही एकटीच. तिचे वडील शिंपी. त्यांचा फोन आला की मागे शिलाई मशीन ऐकू येई.

"पोरी, धोरण म्हणजे काय गं नक्की? इथे लोक विचारतात, मला सांगता येत नाही."

"बाबा, कुणाच्या नळाला किती वेळ पाणी सोडायचं हे कुणीतरी ठरवतं ना? ते नीट कसं ठरवावं, ते शिकतेय."

"मग एवढं शिकून पाणी येईल ना?"

यावर ती हसायची. मला मात्र तो प्रश्न फार रास्त वाटायचा.

तिचा प्रबंध त्याच विषयावर होता. देशोदेशींच्या सरकारांनी मिळून चालवलेल्या एका मोठ्या निधीतून या शहराला पाण्याची योजना मिळाली होती. अट अशी, की प्रत्येक वस्तीला रोज दोन तास पाणी. कागदावर सगळीकडे दोन तास होते. टिपण मला घेऊन वस्त्यावस्त्यांत हिंडली. तेरा मुलाखती झाल्या. तेराही जणांनी पाणी कमी येतं म्हणून सांगितलं, पण का कमी येतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

चौदावी होती चावीवाली मावशी. लोखंडी दांड्याची उंच चावी घेऊन ती वरच्या वस्तीची पाण्याची झडप उघडायची आणि बंद करायची. एकोणीस वर्षं हेच काम. तिने टिपणला दाराच्या उंबऱ्यावर बसवलं, मला संशयाने न्याहाळलं आणि म्हणाली, "यात माझं नाव येणार नाही ना पोरी? नवरा अंथरुणाला खिळलाय. या कामावर घर चालतं."

"नाही मावशी. कागदावर तुम्ही फक्त क्रमांक चौदा. आवाज कुणालाही ऐकवणार नाही. शब्द देते."

मग मावशी बोलली. "मला वरून सांगतात, वहीत दोन तास लिही, सोड चाळीस मिनिटं. उरलेलं पाणी खालच्या नव्या इमारतींना जातं. खालची झडपही माझ्याच हाताने उघडते मी. बायका मला शिव्या घालतात. घालू दे. बरोबरच आहे त्यांचं." पाऊण तास ती बोलत होती. मी एक श्वासही गाळला नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आता त्याची आठवण नको वाटते.

टिपणने प्रबंध लिहिला. नाव कुठेही घातलं नाही. तिचे मार्गदर्शक सर मात्र पहिल्या कच्च्या प्रतीवर म्हणाले, "अगं, क्रमांक चौदा म्हणजे कोण? हवेतून आवाज आल्यासारखं वाटतं. वय, काम, अनुभव, वस्ती, सगळ्यांचा एक तक्ता दे. त्याशिवाय वजन येत नाही." टिपणला ते पटलं. तक्ता तयार झाला. त्यात एक ओळ होती: क्रमांक १४, स्त्री, वय ५३, पाण्याची झडप चालवणे, १९ वर्षे, वरची वस्ती.

वरच्या वस्तीतच काय, अख्ख्या शहरात झडप चालवणारी बाई एकच होती. टिपणने शेकडो आकडे तपासले, पण हे एक मोजायचं राहून गेलं. सरांचं राहिलं, प्रबंध तपासणाऱ्या समितीचं राहिलं. शिकल्यासवरल्या माणसांची चूकही शिकलीसवरलीच असते.

प्रबंध सभागृहात सादर झाला. निधीचे पाहुणे आले होते, पाणी कार्यालयाचे साहेबही होते. तक्ता पडद्यावर आला तेव्हा साहेबांनी मोबाइलने त्याचा फोटो काढला. प्रश्न एकही विचारला नाही. शेवटी टाळ्या झाल्या. टिपणने घरी फोन केला तेव्हा वडिलांनी मशीन थांबवून सगळं ऐकलं.

दहा दिवसांनी ती प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मावशीकडे निघाली. मी तिच्या पिशवीत होतो. वाटेत झडपेपाशी एक मिशीवाला माणूस चावी फिरवत होता. टिपणची चाल मंदावली आणि मग ती धावतच सुटली.

मावशी दारातच बसली होती. ओरडली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाव नाही घातलंस," ती म्हणाली. "शब्द पाळलास म्हणायचं. पण बाकी काय ठेवलंस गं माझं? वय सांगितलंस, काम सांगितलंस, वस्ती सांगितलीस. नावच तेवढं राहिलं होतं, तेही घालायचं होतंस."

टिपण उंबऱ्यावर बसली. "मावशी, चुकलं हो माझं. मला कळलंच नाही," एवढंच तिला पुन्हापुन्हा म्हणता येत होतं. आतून मावशीच्या नवऱ्याने पाणी मागितलं. मावशी उठून त्याला देऊन आली.

संकट इतक्यावरच थांबलं नाही. पाणी कार्यालयाने विद्यापीठाला पत्र पाठवलं, की क्रमांक चौदाची साक्ष बनावट आहे, नसेल तर आवाज ऐकवा. आठवड्याने चौकशी ठरली. मावशीलाही कार्यालयात बोलावणं होतं. "मी असं बोललेच नाही" एवढं तिने सांगितलं आणि ते टिकलं, तर काम परत मिळण्याची आशा होती. उलट पुरावा जगात एकच होता, आणि तो मी. मी बोललो तर टिपणचा प्रबंध तरत होता आणि मावशी बुडत होती. मी गप्प बसलो तर टिपण खोटारडी ठरत होती. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मी दोघींच्या मधोमध.

त्या आठवड्यात टिपण धड जेवली नाही. सरांकडे गेली तर ते म्हणाले, "नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग सादर करावंच लागेल." वडिलांचा फोन तिने उचलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन पुन्हा मावशीकडे गेली आणि मला तिच्या हातात दिलं.

"हा तुमचा आवाज आहे मावशी. मी आधीच तुम्हाला विचारायला हवं होतं. आता तुम्ही म्हणाल तसं."

"एकदा ऐकव."

मी मावशीचं बोलणं मावशीला ऐकवलं. पाऊण तास ती मान खाली घालून ऐकत होती. "एवढं नीट बोलते होय मी?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मग पदराने डोळे पुसून विचारलं, "हे गेलं तर तुझं काय होईल?"

"माझं मी बघेन."

"म्हणजे खरं बोललो आपण, आणि दोघींनी खोटं ठरायचं."

टिपणचा अंगठा पुसायच्या बटणावर होता, पण दाबला जाईना. शेवटी मावशीनेच दाबलं. माझ्या चिमुकल्या पडद्यावर मी विचारलं, नक्की पुसायचं का? तिने पुन्हा दाबलं.

चौकशीच्या दिवशी मला लांब टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "लावा." टिपणने बटण दाबलं. माझ्या पडद्यावर तेराच क्रमांक आले आणि चौदाव्या जागी काही नव्हतं.

"पुसलं मी," टिपण म्हणाली.

"मग तुझ्या प्रबंधाला आधार काय?" सरांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"काही नाही, सर."

प्रबंध रद्द झाला. तक्ता कुणाच्या सांगण्यावरून घातला, हे कुणी विचारलं नाही आणि सरही बोलले नाहीत. टिपणने सामान बांधलं आणि ती वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात परतली. मावशीवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण काम काही परत मिळालं नाही. जागा भरली आहे, असं कार्यालयाने कळवलं. वरच्या वस्तीत अजून चाळीस मिनिटंच पाणी येतं आणि वहीत दोन तास लिहिले जातात. उरलेले तेरा आवाज पुसून मला परत करताना टिपणने हे कपाटवाल्या बाईंना सांगितलं, म्हणून मला माहीत. बाईंनी वहीत लिहिलं, 'रेकॉर्डर एक, चालू, रिकामा', आणि मला आत ठेवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी तुमच्यावर विसंबून काही सांगितलं, तर नुसतं नाव झाकू नका, माणूस झाका. उद्या दुसरा कुणी हुशार विद्यार्थी मला न्यायला येईल. त्याला हे आधी सांगा. मला स्वतःहून सांगता येणार नाही. माझं लाल बटण तो दाबेल तेव्हा मी नेहमीसारखा मुकाट ऐकत राहीन.