दिग्दर्शन: खडीसाखर

आमच्या फिल्म संस्थेत दुसऱ्या वर्षाला एक चमत्कारिक काम देतात. थरारपट करायचा, पण फक्त त्याची नामावली. म्हणजे सुरुवातीची दोन मिनिटं, ज्यात पडद्यावर नावं येत जातात आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायला लागतो. पुढचा सिनेमा नाहीच. खून कुणाचा झाला, कुणी केला, काही ठरवायचं नाही.

"म्हणजे लग्नाच्या पत्रिका वाटायच्या आणि लग्न करायचंच नाही," माझी वहिनी म्हणाली. "बरंय बाई तुमचं शिक्षण."

वहिनी बाजारातल्या दुकानांसाठी बायकांचे झगे शिवते. बिश्केक शहरातल्या आमच्या वस्तीत एका घराआड एक शिलाई मशीन चालतं, त्यामुळे त्यात नवल काही नाही. पण एकदा मी तिच्या शेजारी बसून भात खात होते आणि नजर सुईवर गेली. काळं कापड, लाल दोरा, आणि ती सुई खालीवर, खालीवर. घास तोंडातच राहिला. मी ठरवूनच टाकलं की आपली नामावली शिवायची. काळ्या कापडावर वहिनी एकेक नाव लाल दोऱ्यानं शिवणार आणि कॅमेरा सुईच्या इतका जवळ की प्रेक्षकानं आपली बोटं मागे घ्यावीत.

हे झालं सरांना सांगितलेलं कारण. खरं कारण निराळं होतं.

माझा भाऊ एर्मेक कामासाठी मॉस्कोला गेला तो तिकडचाच झाला. तिथे त्याला दुसरी बायको आहे, आता मूलही झालंय. हिवाळ्यात त्यानं फोन करून आईला सांगितलं, वहिनीला सांगायचं धाडसही त्याला झालं नाही. आईनं सांगितलं. त्या दिवसापासून आईनं वहिनीच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. शरम मुलाची, पण राग निघायचा चहावर. "पातळ झालाय," "गार झालाय." आणि वहिनी मुकाट्यानं दुसरा ओतून द्यायची. नारीनच्या डोंगरात वहिनीचा भाऊ मेंढ्या पाळतो. त्याचा निरोप आला होता, कोकरांचा हंगाम आटपला की जिपारला न्यायला येतो. जिपार हे वहिनीचं नाव. आमच्या घरात ते कधी कुणी घेतलं नव्हतं.

मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. ती आली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. मला वेण्या घालायला तिनं शिकवलं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिच्याकडेच पळाले होते. भावानं सोडली म्हणून मीही सोडायची, हा कुठला न्याय? तेव्हा मी मनाशी हिशेब केला की माझी नामावली पुरी होईपर्यंत ती काही जायची नाही. हातातलं काम अर्धं टाकणारी बाई नाही ती. म्हणून नामावली पुरी होऊ द्यायची नाही.

कॅमेऱ्याला माझा वर्गमित्र आदिलेत होता. हा प्राणी बोलतो कमी आणि खातो जास्त. वहिनीनं खिडक्यांना जाड कापड लावून खोली अंधारी केली, मशीनची कापड दाबून धरणारी पट्टी काढली, कापड गोल चौकटीत ताणून बसवलं आणि ती चौकट दोन्ही हातांनी फिरवत अक्षरं काढायला लागली. पहिलाच तुकडा असा झकास उतरला की आदिलेतनं अंगठा वर केला.

"परत घेऊ," मी म्हटलं. "उजेड बरोबर नव्हता."

"उजेड मस्त होता की," आदिलेत कुजबुजला.

"तुला बोरसोक हवेत का घरी जायचंय?"

कणकेचे गरम तळलेले बोरसोक समोर होते. त्यानंतर त्यालाही प्रत्येक तुकड्यात खोट दिसायला लागली. कधी दोरा चमकतोय, कधी सावली पडतेय. एका प्रसंगात सुई बोटात घुसून रक्ताचा थेंब यायला हवा होता. वहिनीनं बीट किसून रस काढला. रस कापडावर पडताना तिनं डोळे असे मोठे केले की आदिलेतला हसू आलं आणि कॅमेरा हलला. तेवढं एकच काय ते खरंखुरं परत घ्यावं लागलं.

"मेला कोण पण?" वहिनीनं विचारलं.

"ठरलेलं नाही."

"मारलं कुणी?"

"तेही नाही."

"मग मी घाबरू कशाला?"

"तू नकोस घाबरू. तू शिव."

माझ्या नावाच्या वेळी मी कॅमेऱ्यामागे दिवा धरून उभी होते. वहिनीनं दोरा तोडला, मी वाकून बघितलं. 'दिग्दर्शन' शिवलेलं होतं, आणि खाली सुबक वळणदार अक्षरांत 'खडीसाखर'.

आमच्यात सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, धाकट्या नणंदेचंसुद्धा नाही. आल्या आल्या ती प्रत्येकाला आपल्या मनानं नाव देते आणि जन्मभर तेच चालवते. घोरणारे आमचे काका तिचे 'ढगकाका' झाले. आणि मी तिच्या लग्नाच्या दिवशी दस्तरखानावरची, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावरची खडीसाखर खिशात कोंबताना सापडले होते, तेव्हा माझं काय झालं ते सांगायला नको.

मी पोट धरधरून हसले आणि तो तुकडा तसाच ठेवला. वर्गात कच्चं काम दाखवायचं होतं. दोरा सरसरतोय, सुई घुसतेय, बीटचं रक्त पसरतंय, सगळे श्वास रोखून बसलेत, आणि मग पडद्यावर आलं, दिग्दर्शन: खडीसाखर. वर्गात हशा फुटलाच. आमचे सागिनबेक सर डोळे पुसत म्हणाले, "पोरी, तुझ्या सिनेमात खून होणार आहे की वाढदिवस?" मग गंभीर होऊन म्हणाले, "काम चांगलं आहे. पण नाव खरं हवं. त्याशिवाय मी हे जमा करून घेणार नाही."

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं. तिनं मान हलवली.

"बाकी कुणाचंही शिवते. तुझं नाही."

"तोंडानं कुठे घ्यायचंय? दोऱ्यानं तर घ्यायचंय."

"बोटांना कळतं ना, काय शिवतोय ते. तूच शिव."

मी बसले मशीनवर. एक सुई तुटली, दुसरी वाकली, तिसरीला वहिनीनं मला मानेला धरून उठवलं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "नको म्हणतेय ना ती? रीत म्हणून काही असते की नाही? मी माझ्या सासऱ्याचं नाव त्यांच्या मयतीलासुद्धा घेतलं नाही."

मी रुसल्याचं नाटक केलं, पण आतून हरखले होते. आता माझं नाव शिवलं जाणार नव्हतं. काम अडलेलं राहणार, वहिनीही राहणार. सरांकडे जाऊन मी तोंड पाडून मुदत वाढवून आणली. इतकी शहाणी मी त्याआधी कधी झाले नव्हते.

मग तिच्या भावाचा फोन आला. कोकरं आटपली, शनिवारी येतो.

वहिनीनं फोन ठेवला, पीठ चाळून ठेवलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "आदिलेतला बोलाव. आज उरकून टाकू."

"आज उजेड चांगला नाही."

"खिडक्या तर आपण झाकतो. उजेडाचं काय?" ती माझ्याकडे बघून हसली. "मला सगळं कळत होतं गं. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर शिवत होते परत परत. पण तुझं वर्ष वाया जायला नको."

आदिलेत आला. त्या दिवशी त्यानं बोरसोककडे बघितलंही नाही. खोली अंधारी झाली, दिवा लागला, वहिनी बसली. कापड ताणून घेतलं, दोन्ही तळवे चौकटीवर ठेवले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग पायानं पेडल दाबलं. सुई पळायला लागली. मी दिवा धरला होता आणि तो हलू नये एवढंच मला कळत होतं. अक्षरं एकामागून एक येत गेली, आणि ती माझ्या नावाची होती. तिनं दोरा तोडला. चौकट उचलून दिव्याकडे धरली.

"बेगिमाई," ती म्हणाली. "बरोबर आलंय ना?"

माझं नाव आयुष्यभर हजार तोंडांतून ऐकलंय. त्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, दारात कुणी परकं माणूस येऊन चौकशी करतंय. सून नाव घेत नाही. हिनं घेतलं. म्हणजे ही आता आमची सून नाही, आणि हे तिनंच ठरवलंय.

"नावानं हाक मारू नकोस मला!" मी ओरडले. "खडीसाखर म्हण. म्हण ना!"

"आता मला चालतं गं," ती म्हणाली. इतक्या हळू, की मला तिचा रागही करता येईना.

दाराचा पडदा सरकला. आई उभी होती. हात पिठाचे, गुडघे दुखतात म्हणून चौकटीला टेकलेली. किती वेळ उभी होती देव जाणे. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. रीत मोडली होती, तिच्याच घरात.

आई आत आली आणि वहिनीसमोर बसली. हिवाळ्यापासून पहिल्यांदा तिनं तिच्या डोळ्यांत बघितलं.

"माझा मुलगा नालायक निघाला," आई म्हणाली. "त्याचं तोंड मला बघायचं नाही, आणि मी तुझं बघत नव्हते. माझीच चूक. आता ऐक. सून म्हणून तुला या घरातून कुणी नेणार नाही. सून गेली की तिच्यामागे दार लागतं. तू मुलगी म्हणून जा. मुलगी जाते, येते, भांडते, खाते, परत जाते. तिला कोण विचारतंय?" मग माझ्याकडे मान वळवली. "आणि मुलगी बहिणीला नावानंच हाक मारते. त्यात रडण्यासारखं काय आहे गं तुला?"

पण रडत आईच होती. वहिनीनं तिचे पिठाचे हात धरले आणि त्यांवर कपाळ टेकलं. मी दिवा खाली ठेवला. अंधारात आदिलेतनं नाक शिंकरलं.

शनिवारी वहिनीचा भाऊ आला तो भांडायच्या तयारीनं. दणकट माणूस, दारातच घसा खाकरून उभा. आत बघतो तर मुलीच्या पाठवणीचा दस्तरखान मांडलेला, मेंढी कापलेली, आणि भिंतीशी नव्या रजयांची चळत. आईनं त्या रात्रंदिवस बसून पुऱ्या केल्या होत्या. माझ्या लग्नासाठी म्हणून ठेवलेलं कापड होतं ते, हे मला दिसलं, आणि मी चळत नीट सरळ करून ठेवली. बिचाऱ्याला भांडण कुठून काढावं तेच कळेना. शेवटी त्यानं चार वाट्या रस्सा प्यायला. मशीन गाडीत चढवताना आई त्याच्यावर ओरडली, "आडवं नको ठेवूस! आणि घाटात हळू चालव. माझी मुलगी बसलीय त्यात."

गाडी वळणाआड गेली तरी आई फाटकात उभी होती. मी तिला दंडाला धरून आत आणलं. त्या दिवशी चहा मी केला, पातळ आणि गार झाला होता, आणि तिनं तो सगळा पिऊन टाकला.

जमा करायला बसले तेव्हा लक्षात आलं की नामावलीत सगळे आहेत, मी आहे, आदिलेत आहे, संगीतवाला आहे, शिवणारीचं नावच नाही. तिनं शिवलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मशीन तर नारीनला गेलं होतं. मग मी सुई-दोरा घेऊन हातानंच बसले. 'शिवणकाम: जिपार'. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, दोऱ्याच्या गाठी वर आलेल्या, एका ठिकाणी रक्ताचा थेंब, आणि तो बीटचा नव्हता. आदिलेतनं तेही टिपलं.

सरांनी दोन मिनिटं पूर्ण बघितली. शेवटचं नाव आल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. "खरी भीती या नावात आहे," ते म्हणाले. "एखाद्या खुन्यानं शिवल्यासारखं. हे कुणी केलं?"

"मी, सर."

"आणि ही जिपार कोण?"

"माझी ताई," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं, आणि जीभ अजिबात अडखळली नाही.

नामावली मी तिला फोनवर पाठवली. डोंगरात फोनची रेंज येते-जाते, त्यामुळे दोन दिवस काहीच आलं नाही. मग तिच्या आवाजातला निरोप आला, मागे कुत्री भुंकत होती आणि कोकरं ओरडत होती.

"बेगिमाई, बघितलं गं. घाबरले मी, खरंच. पण शेवटचं ते माझं नाव कुणी शिवलंय? लाज आणलीस. ते सगळं उसवून ठेव. लोकर कातरून झाली की येते, आणि हात धरून शिकवते तुला."