डॉक्टरीणबाईंचा सल्ला

गिरिजा डॉक्टर आहे, हे गिरिजाला स्वतःला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं, आणि तेही स्वतःच्याच घरी, अमेरिकेत फ्रिस्कोला, पाहुण्यांना मसालेभात वाढताना.

जेवण होतं तिने बॅचलर्सची डिग्री पूर्ण केल्याचं. गिरिजा दातांच्या क्लिनिकमध्ये हायजिनिस्ट. म्हणजे आपण दात साफ करून घ्यायला जातो ना, तेव्हा पाऊण तास आपल्या तोंडात डोकं घालून बसते ती हायजिनिस्ट, आणि शेवटी पाच मिनिटं येऊन ‘एव्हरीथिंग लुक्स ग्रेट’ म्हणतो तो डेंटिस्ट. कम्युनिटी कॉलेजच्या छोट्या डिग्रीवर हे काम मिळतं, पण शिकवायचं असेल तर बॅचलर्स लागतं. मग काय, दिवसभर लोकांच्या दातांवरचं किटण खरवडायचं, संध्याकाळी मुलीला स्विमिंगला सोडायचं आणि पार्किंगमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन लेक्चर ऐकायचं, असं अडीच वर्षं करून बाई पास झाली होती. ऑगस्टपासून त्याच कम्युनिटी कॉलेजात ती नव्या विद्यार्थिनींना शिकवणार होती. आता एवढं केल्यावर माणसाने चार लोकांना जेवायला बोलवू नये तर काय करावं? पण तिचा नवरा परीक्षित आठवडाभर ‘कशाला उगाच गाजावाजा’ म्हणून तिच्या मागे लागला होता. का, ते आता कळणार होतं.

“डॉक्टर, एक विचारू?” ताट पुढे करत मराठी मंडळातली अस्मिता म्हणाली. “डेंटिस्ट झाल्यावर परत बॅचलर्स कशाला करायचं यार?”

गिरिजा हसली. मंडळात तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचेच सगळे, ती ते थट्टेवारी नेई. “मी कुठली डेंटिस्ट? मी हायजिनिस्ट आहे.”

“पण परीक्षितच तर सांगतो.”

गिरिजाने वळून पाहिलं. परीक्षित काठोकाठ भरलेल्या बादलीत आणखी बर्फ ओतत होता.

ती त्याच्याकडे जायला निघाली, तोवर सुलभाकाकूंनी तिचा हात धरून तिला बाजूच्या खोलीत नेलं. मंडळातल्याच प्रथमेशची ही आई, सत्तरीची, मुलाकडे राहायला आलेली. इंग्रजीशी उभा दावा. “ते डिग्रीचं राहू दे गं,” काकू म्हणाल्या. “तू सांगितलेलं तूप मी तीन महिने लावतेय, पण जिभेचं दुखणं काही हटत नाही बघ.”

“मी सांगितलेलं?”

काकूंनी फोन काढून तिच्या हातात दिला. वर काकूंनी पाठवलेला जिभेचा फोटो, त्याखाली जानेवारीतला मेसेज, परीक्षितच्या नंबरवरून आलेला. ‘काकू, गिरिजा क्लिनिकमध्ये फोन घेत नाही म्हणून मी पाठवतोय. ती म्हणते उष्णता आहे. साजूक तूप लावा, तिखट बंद करा, काळजी नको. – डॉ. गिरिजा’. खाली फेब्रुवारीत परत तेच, मार्चमध्ये परत तेच. आणि प्रत्येकाच्या खाली काकूंचं उत्तर होतं: ‘तुझे उपकार आहेत पोरी, देव तुला सुखात ठेवो.’

गिरिजाने तिन्ही मेसेज परत वाचले. हात मात्र सवयीने चालले. तिने पर्समधून ग्लोव्ह्ज काढले, फोनचा टॉर्च लावला आणि म्हणाली, “काकू, जीभ बाहेर काढा.”

डाव्या कडेला पांढरट चट्टा होता, मध्ये लाल. बोटाला कडा टणक लागल्या. गिरिजाचा हात तिथेच थांबला. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरला दाखवाच, असं पत्रक तिने याच बॅचलर्सच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी मराठीत केलं होतं. ज्येष्ठांसाठी, मोठ्या अक्षरात. त्याच्या पन्नास रंगीत प्रती फेब्रुवारीत परीक्षितनेच ऑफिसातून छापून आणल्या होत्या. शुद्धलेखनही त्यानेच तपासलं होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा बुडवून वर झाकण लावून ठेवलं होतं या माणसाने.

पाहुणे गेल्यावर परीक्षित एकदाचा बोलला. पहिल्या वर्षी ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी विचारलं, बायको काय करते. तो म्हणाला, डेंटलमध्ये आहे. ते म्हणाले, ओह, डेंटिस्ट? आणि तो म्हणाला, हं.

“एवढंच?” गिरिजाने विचारलं.

“एवढंच. सगळ्यांच्या बायका मोठमोठ्या नोकऱ्यांत होत्या गं. मग लोक विचारायला लागले, मी गूगल करून सांगायचो. कधी काही झालं नाही.”

“माझी सही करायचास.”

त्याने बादलीतला उरलेला बर्फ सिंकमध्ये ओतला.

“तुला माझी लाज वाटते, परीक्षित.” हे तिने विचारलं नाही, सांगितलं. नऊ वर्षं ज्या माणसाच्या शर्टाच्या बाह्या दुमडून दिल्या, त्याला आपली लाज वाटते, हे तिला भिंतीवरचं घड्याळ बघता बघता समजलं. रडू मात्र आलं नाही. इतका मोठा धक्का बसला की रडूसुद्धा जागेवर राहतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच काकूंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मी डॉक्टर नाही, मी काही सांगितलं नव्हतं, तुमचा फोटो मी पाहिलासुद्धा नव्हता.

“मग मी ते आशीर्वाद दिले ते कुणाला गेले?” काकूंनी विचारलं. गिरिजाने तिथूनच आपल्या डॉक्टरांना फोन लावला.

पुढचं भराभर झालं. गिरिजाच्या क्लिनिकच्या डॉक्टरांनी सोमवारी बघितलं आणि लगेच तोंडाच्या सर्जनकडे पाठवलं. सर्जनने तुकडा काढून तपासायला दिला. पुढच्या गुरुवारी रिपोर्टसाठी बोलावलं. प्रथमेश कामासाठी सिएटलला अडकला होता, त्याचं विमान संध्याकाळी. म्हणून काकूंना नेलं गिरिजाने. गाडी मी चालवतो, असं परीक्षितने हट्टाने म्हटलं आणि आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

सर्जन मऊ आवाजाची बाई होती. कॅन्सर आहे, ती म्हणाली. जिभेचा थोडा भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठीही बघाव्या लागतील. जानेवारीत आला असतात तर बहुधा बरंच छोटं काम झालं असतं. गिरिजाने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. आवाज तिचाच होता, पण तिला तो लांबून ऐकू येत होता. काकूंनी पदर घट्ट धरला, एवढंच.

मग सर्जनने कीबोर्ड पुढे ओढला आणि विचारलं, तीन महिने का थांबल्या?

गिरिजाने विचारलं. काकूंनी कोपऱ्यातल्या परीक्षितकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

“सांग तिला,” काकू म्हणाल्या, “म्हातारी हट्टी आहे, दुखणं अंगावर काढलं. कुणी काही सांगितलं नव्हतं. तुझा संसार आहे गं.”

ज्या बाईची जीभ कापणार होते, ती गिरिजाचा संसार वाचवत होती. ‘हो’ म्हणायचं, की संपलं. पण ऑगस्टमध्ये पहिल्याच तासाला ती मुलींना सांगणार होती, की पेशंटच्या फाइलमध्ये खोटं एक अक्षर जाता कामा नये.

ती सर्जनकडे वळली आणि इंग्रजीत सावकाश म्हणाली, “माझ्या नवऱ्याने माझ्या नावाने त्यांना खोटा सल्ला दिला. मी डॉक्टर आहे, असं त्याने सांगितलं होतं. मी डेंटल हायजिनिस्ट आहे. हे असंच लिहा.”

सर्जनची बोटं क्षणभर थांबली, मग टाइप करू लागली. कोपऱ्यातली खुर्ची करकरली. परीक्षितने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

काकूंना यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी गिरिजाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सांगितलंस ना, मी म्हटलं तसं?”

“हो काकू,” गिरिजा म्हणाली.

काकूंनी समाधानाने मान हलवली.